ॲक्वापोनिक्स इंदुरात परवडतं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मासे आणि पालेभाजी एकाच पाण्यावर घ्यायच्या या शेतीबद्दल इंदूर आणि आसपासची मराठी मंडळी जे प्रश्न सारखे विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. कोणी निवृत्तीचे पैसे घालायच्या विचारात असतं, कोणाची सांवेर किंवा महूच्या बाजूला बिघा-दोन बिघे जमीन पडून असते, कोणी नोकरी सोडायच्या बेतात असतं. म्हणून सगळा भर पैशाच्या हिशेबावर आहे. खाली जे भाव आणि खर्च आहेत ते हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. तुमच्याकडचे भाव त्या जागी घाला आणि कागद-पेन्सिल घेऊन पुन्हा मांडून बघा.

ॲक्वापोनिक्समध्ये नेमकं होतं काय?

टाकीत मासे असतात, त्यांना खाद्य घालायचं. खाद्यातला बराच नायट्रोजन अमोनिया होऊन पाण्यात उतरतो आणि साचला तर माशांनाच मारतो. फिल्टरमध्ये वाढणारे जिवाणू त्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट रोपं घेतात आणि पाणी परत माशांकडे जातं. जिवाणूंचा जम बसायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात, थंडीत त्याहून जास्त. माशांना विक्रीच्या वजनाला यायला सहा ते आठ महिने लागतात. तेवढे महिने खर्च चालू आणि आवक जवळपास नाही, हे आधीच धरून चाला.

थेट सांगा, इंदुरात परवडतं का?

मंडीच्या भावाने माल विकायचा असेल तर नाही. गिऱ्हाईक आधी बांधलेलं असेल, रोजचं काम घरच्या माणसाने करायचं असेल आणि उभारणी कर्जावर नसेल, तर लहान प्रमाणात परवडू शकतं.

इथली अडचण अशी की माळव्यात भाजी मुळातच स्वस्त पिकते. काळी जमीन, विहिरी-बोअरचं पाणी आणि जवळची बाजारपेठ. हिवाळ्यात चोइथराम मंडीत पालक, मेथी, कोथिंबीर अशी येऊन पडते की कधी कधी शेतकऱ्याची तोडणीची मजुरीसुद्धा सुटत नाही. त्या भावाशी चोवीस तास पंप चालवून टक्कर देता येत नाही, आणि द्यायचा विचारही करू नये.

हिशेब मांडून दाखवाल का?

100 चौरस मीटर लागवड धरू, म्हणजे हजार चौरस फुटांपेक्षा थोडी जास्त. पाण्यावर तरंगणाऱ्या थर्माकोलच्या पाट्यांवर लेट्युस, वर पॉलिहाऊस आणि बाजूला माशांच्या टाक्या. पालेभाजीसाठी दर चौरस मीटरला रोज 40 ते 50 ग्रॅम मत्स्यखाद्य, असं प्रमाण संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने 2014 च्या मार्गदर्शनात दिलं आहे. 50 ग्रॅम धरलं तर रोजचे 5 किलो, वर्षाचे 1,825 किलो. किलोला 60 रुपये लावले तर 1 लाख 9 हजार.

पाण्याचा पंप आणि हवेचा ब्लोअर मिळून दीड किलोवॉट धरा. चोवीस तास चालणार, म्हणजे रोज 36 युनिट, वर्षाला 13,140 युनिट. युनिटला 8 रुपयांप्रमाणे 1 लाख 5 हजार. एक माणूस महिना 12 हजारांवर ठेवला तर 1 लाख 44 हजार. मत्स्यबीज 15 हजार, बियाणं, कोकोपीट, पॅकिंग आणि माल पोचवणं मिळून 60 हजार, दुरुस्ती आणि पाण्याची तपासणी 25 हजार. वर्षाचा चालू खर्च साधारण 4 लाख 58 हजार होतो.

आता आवक. 1.6 किलो खाद्याला एक किलो मासा या हिशेबाने 1,140 किलो वाढ होते. मरतूक वजा जाता 1,060 किलो विकले, किलोला 140 रुपये मिळाले, तर 1 लाख 48 हजार येतात. लेट्युसचं म्हणाल तर चौरस मीटरला 22 रोपं आणि वर्षाला 7 पिकं, म्हणजे 15,400 गड्डे. खराब गेलेले 15 टक्के सोडले तर 13,000 हाती लागतात.

हेच 13,000 गड्डे घाऊक 12 रुपयांनी गेले तर 1 लाख 56 हजार, कॅफेवाल्यांना 25 रुपयांनी दिले तर 3 लाख 25 हजार, घरोघरी 35 रुपयांनी पोचवले तर 4 लाख 55 हजार. माशांचे पैसे मिळवून चालू खर्च वजा केला, तर पहिल्या प्रकारात दीड लाखाचा तोटा, दुसऱ्यात जेमतेम 15 हजार शिल्लक आणि तिसऱ्यात 1 लाख 45 हजार शिल्लक.

उभारणीला 8 लाख लागले आणि ती 8 वर्षं टिकली असं धरलं, तर दर वर्षी एक लाख घसाऱ्यासाठी बाजूला काढावे लागतात. मग तिसऱ्या प्रकारातही 45 हजारच उरतात. ते 8 लाख 11 टक्क्यांनी काढलेले असतील तर पहिल्या वर्षाचं व्याजच 88 हजारांच्या घरात जातं. घरच्याच माणसाने काम केलं तर मजुरीचे 1 लाख 44 हजार घरात राहतात आणि महिन्याला पंधरा हजारांच्या वर काहीतरी सुटतं. वर्षभर एकही दिवस सुट्टी न घेता केलेल्या कामाचा हा मोबदला आहे. तो पुरेसा आहे की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं.

या हिशेबात कोणता आकडा सगळ्यात महत्त्वाचा?

गड्ड्याचा भाव. खाद्य किलोमागे 10 रुपयांनी महागलं तर वर्षाला 18 हजारांचा फरक पडतो. गड्ड्यामागे 10 रुपये कमी-जास्त झाले तर 1 लाख 30 हजारांचा. लोक मात्र महिनोन् महिने टाकीचा आकार, पंपाची कंपनी आणि खाद्यातली प्रथिनं यांवर डोकं खपवतात, आणि माल कोण घेणार हा प्रश्न पहिलं पीक तयार झाल्यावर विचारतात. मला तर वाटतं, ज्याला पंप निवडायला वेळ आहे त्याने त्याआधी वीस कॅफेंच्या स्वयंपाकघरात जाऊन बोलून यावं. ते आठवड्याला किती लेट्युस घेतात, कोणाकडून घेतात, पैसे किती दिवसांनी देतात, मे महिन्यात माल कुठून आणतात, हे विचारावं.

मासे विकून जास्त पैसे मिळत नाहीत का?

वरच्या हिशेबात खाद्य आणि वीज यांवरच 2 लाख 14 हजार गेले आणि मासे विकून आले दीड लाखाच्या आत. लहान टाकीतला मासा तलावातल्या किंवा जलाशयातल्या माशाइतका स्वस्त वाढवता येत नाही. इंदूरच्या बाजारात आंध्रातला आणि जलाशयांतला रोहू-कटला बर्फात येतो आणि गिऱ्हाईक त्याच भावाशी तुलना करतं. त्यातून हे शहर मुख्यतः शाकाहारी. जिवंत मासा डोळ्यांदेखत काढून द्यायची सोय केलीत तर किलोमागे थोडे जास्त मिळतात, पण तेवढं गिऱ्हाईक रोज दारात येत नाही.

पण माशांमुळे खत फुकट मिळतं ना?

फुकट नाही, ते मत्स्यखाद्याच्या भावाने मिळतं. 100 चौरस मीटर लेट्युसला हायड्रोपोनिक्समध्ये, म्हणजे मासे न ठेवता खताच्या पाण्यावर पीक घ्यायच्या पद्धतीत, वर्षभर जी विद्राव्य खतं लागतात, त्यांचा खर्च वरच्या एक लाख नऊ हजारांच्या कितीतरी खाली राहतो. शिवाय माशांच्या पाण्यात लोह, पोटॅशियम आणि कॅल्शियम कमी पडतं, ते वरून द्यावंच लागतं. लोह कमी पडलं की आधी कोवळी पानं पिवळी पडतात आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्याच राहतात. नवख्या माणसाला ते नायट्रोजन कमी असल्याचं लक्षण वाटतं, तो खाद्य वाढवतो आणि अमोनिया वाढवून बसतो. नायट्रोजन कमी असेल तर आधी खालची जुनी पानं पिवळी पडतात, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

नुसती भाजीच विकायची असेल तर हायड्रोपोनिक्स स्वस्त आणि सोपं आहे, हे ॲक्वापोनिक्सवर जीव असूनही सांगावं लागतं. मासे ठेवायला वेगळं कारण हवं. माशाला गिऱ्हाईक असेल किंवा रासायनिक कीटकनाशकाशिवाय वाढवलेल्या भाजीला तुमच्या ओळखीत खरंच जादा भाव मिळत असेल, तर ते कारण आहे.

कोणता मासा ठेवावा?

पुस्तकांत सगळीकडे तिलापिया भेटतो. आपल्याकडे तो पाळायला परवानगी लागते, तेव्हा मत्स्य विभागात विचारल्याशिवाय बीज आणू नका. थाई मागूर तर देशात बंदच आहे, कोणी स्वस्तात देऊ केला तरी घेऊ नका. पंगस चिवट आहे, कमी प्राणवायूत तगतो, पण त्याला थंडी सोसत नाही. रोहू-कटला टाकीत ठेवता येतात, पण तिथे त्यांची वाढ मनासारखी होत नाही.

शाकाहारी घर असेल, मासे कापायला विकायला मन घेत नसेल, तर शोभेचे मासे बघा. गोल्डफिश आणि कोई इंदूरची थंडी सहज काढतात, किलोवर न जाता नगावर विकले जातात आणि मत्स्यालयाच्या दुकानांना ते वर्षभर लागतात. दुकानदाराला सारख्या आकाराचे, न खरचटलेले, रोग नसलेले मासे हवे असतात, त्यामुळे निवड आणि वेगळं ठेवणं हे काम वाढतं. तरीही आपल्या मराठी ब्राह्मणी घरांमधून येणाऱ्या बऱ्याच विचारणांना माझं पहिलं उत्तर हेच असतं.

लेट्युसशिवाय काय लावता येईल?

इथे आपल्याला खरी संधी आहे. लेट्युस, बेसिल, पाकचोई कॅफेसाठी ठीक, पण त्यात बाहेरून येणारा मालही आहे आणि इथले हायड्रोपोनिक्सवालेही. रामबाग, लोकमान्यनगर, सुदामानगर, टिळकनगर इथल्या मराठी घरांना अळू, शेपू, चुका, अंबाडी, लाल माठ लागतो आणि ठेल्यावर तो रोज मिळेलच असं नाही. अळू तर पाण्याचंच पीक आहे, उन्हाळ्याची उष्णताही सोसतं. श्रावणापासून महालक्ष्म्यांपर्यंत अळूवडीची पानं आणि फतफत्याचं अळू यांना घरोघरी मागणी असते, सोळा भाज्यांच्या नैवेद्याची जमवाजमव करताना बायकांची किती धावपळ होते ते सगळ्यांना माहीत आहे. अळूवडीला लागणारं काळ्या देठाचं, न फाटलेलं, एकाच मापाचं पान दहा-दहाच्या जुडीत घरपोच देणारा माणूस भाव स्वतः ठरवू शकतो. फक्त वाण नीट निवडा, खाजरं अळू एकदा कोणाच्या घरात गेलं की ते घर परत येत नाही.

मात्र अशा भाज्यांचं गिऱ्हाईक मोजकं आहे. सगळी 100 चौरस मीटर अळूने भरली तर पितृपक्ष उलटल्यावर पानं कोणाला द्यायची हा प्रश्न उभा राहील. पाव भाग अळू, थोडा पुदिना, बाकी कॅफेचा माल, असं काहीतरी मिश्रण बसवावं लागतं. टोमॅटो, सिमला मिरचीसारख्या फळभाज्यांना खाद्य जास्त लागतं आणि मंडीत त्या स्वस्त असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नये.

इंदूरच्या हवामानाचा किती फरक पडतो?

फार पडतो, आणि तो उलट्या बाजूने पडतो. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा 10 अंशांच्या खाली जातो. हवा लेट्युसला एकदम मानवते, पण पाणी गार झाल्यामुळे पंगस-तिलापिया खाणं सोडतात आणि जिवाणूही सुस्तावतात. रोपांना पोषण हवं तेव्हाच ते कमी पडतं. आणि नेमकी त्याच वेळी मंडी भाजीने ओसंडून वाहत असते.

मे महिन्यात बाहेर चाळिशीच्या वर पारा असतो. मासे भरपूर खातात, पण पाणी तापलं की लेट्युसला लगेच तुरा येतो, पान कडू होतं, मुळं कुजायला लागतात. कॅफेवाला याच दिवसांत चढा भाव द्यायला तयार असतो. तेव्हा पाणी गार ठेवायचा खर्च आणि मिळणारा जादा भाव यांचा वेगळा हिशेब करा. सावलीची जाळी, झाकलेल्या टाक्या आणि जमिनीत पुरलेली साठवण टाकी यांनी बरंच काम भागतं. विजेवर पाणी गार करणारं यंत्र एवढ्या पाण्याला लावणं मला परवडणारं वाटत नाही. उन्हाळ्यात अळू, माठ, पुदिना यांवर जावं आणि लेट्युस ऑक्टोबर ते मार्च जोरात घ्यावं. वर्षाला 7 पिकं धरली ती म्हणूनच. 10 किंवा 12 पिकं सांगणारा विक्रेता भेटला तर मे आणि जूनमध्ये तो काय लावतो ते विचारा.

वीज गेली तर?

दाट भरलेल्या टाकीत, म्हणजे हजार लिटरला वीस किलो किंवा जास्त मासे असतील तर, हवा बंद झाल्यापासून अर्ध्या-पाऊण तासात मासे मरायला लागू शकतात. त्याआधी ते पृष्ठभागावर येतात, तोंड पाण्याबाहेर काढून उघडमीट करत जिथून पाणी पडतं तिथे गर्दी करतात. उन्हाळ्यातल्या पहाटे हे दृश्य दिसलं तर वीज असूनही प्राणवायू कमी आहे असं समजा. तो लिटरला 5 मिलिग्रॅमच्या खाली जाऊ देऊ नये.

बॅकअप घेताना पंपाचा नको, हवेचा घ्या. पाणी काही तास फिरलं नाही तर चालतं, हवा थांबून चालत नाही. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासाच्या एका बॅटरीत कागदावर 1.8 युनिट असतात, प्रत्यक्षात वापरता येतात त्याहून कमी. अर्धा किलोवॉटचा ब्लोअर रात्रभर चालवायला एक बॅटरी पुरत नाही, हा गुणाकार दुकानात जाण्याआधी घरी करा. वीज गेल्यावर मोबाइलवर फोन येईल असा साधा अलार्म लावा आणि शेजारी राहणाऱ्या एका माणसाला जनरेटर सुरू करायला शिकवून ठेवा. आणि टाकी कमी भरा. हजार लिटरला दहा किलो मासे ठेवले तर उत्पन्न फारसं घटत नाही, कारण कमाई मुळात भाजीची आहे. झोप मात्र शांत लागते.

पाणी किती लागतं? नर्मदेचं चालेल का?

100 चौरस मीटरच्या मांडणीत सगळं मिळून 45 ते 50 हजार लिटर पाणी असतं आणि रोज त्याच्या दीड-दोन टक्के, म्हणजे 700 ते 1,000 लिटर भर घालावी लागते. मोकळ्या शेतीपेक्षा हे फार कमी आहे. नळाचं पाणी वापरायचं तर त्यातलं क्लोरीन हवा मारून दिवसभर उडू द्या, थेट टाकीत सोडू नका. पण 70 किलोमीटरवरच्या जलूदहून चढवून आणलेलं नर्मदेचं पाणी पिण्यासाठी आहे, व्यवसायाची गरज पावसाच्या साठवलेल्या पाण्यावर आणि बोअरवर भागवावी. माळव्यातल्या बोअरचं पाणी बहुधा जड असतं, सामू (पीएच) 8 च्या आसपास राहिला तर रोपांना लोह घेता येत नाही. आपल्याला सामू 6.8 ते 7 हवा. जागा घेण्याआधी पाणी तपासून घ्या. मे महिन्यात टँकर लागणार असेल तर तो खर्चही मांडा.

घराच्या गच्चीवर करता येईल का?

शोभेच्या माशांची एखादी छोटी टाकी आणि चार कुंड्या, हरकत नाही. व्यवसाय नको. एक फूट पाण्याच्या वाफ्याचं वजन दर चौरस मीटरला 300 किलो होतं आणि माणसांच्या वावरासाठी बांधलेल्या साध्या गच्चीवर सुमारे 150 किलो भार धरलेला असतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीशिवाय हे करू नका.

अनुदान मिळतं का?

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना 2020 मध्ये आली. तिच्यात पाणी फिरवून मासे वाढवायच्या पद्धतीला, म्हणजे आरएएसला, आणि बायोफ्लॉकला, म्हणजे टाकीतच जिवाणू वाढवून पाणी राखायच्या पद्धतीला, सर्वसाधारण गटासाठी 40 टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी 60 टक्के साहाय्य ठेवलं गेलं. प्रकल्प माशांचा म्हणून मांडावा लागतो. पॉलिहाऊससाठी उद्यानिकी विभागाच्या योजना वेगळ्या. चालू वर्षाचं उद्दिष्ट आणि मुदत जिल्ह्याच्या मत्स्य कार्यालयात जाऊन विचारा, एजंटाकडून नको. किसान क्रेडिट कार्ड 2018-19 पासून मत्स्यपालनालाही मिळतं, खेळत्या भांडवलासाठी त्याचा उपयोग होतो.

अनुदानाचे पैसे साधारणपणे उभारणीनंतर तपासणी होऊन येतात, तोवर सगळी रक्कम तुमचीच अडकते. आणि 8 लाखांवर 40 टक्के मिळाले तरी चालू खर्चातला एक रुपयाही कमी होत नाही. मंडीच्या भावाने तोट्यात असलेली मांडणी अनुदानानंतरही तोट्यातच राहते.

भाजी सेंद्रिय म्हणून विकता येईल का?

प्रमाणपत्राशिवाय पाकिटावर तसं सहसा छापता येत नाही, 2017 च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया या सरकारी सेंद्रिय पद्धतींपैकी एकीचं प्रमाणन लागतं. युरोपीय संघाच्या सेंद्रिय नियमांत मातीविना पीक बसतच नाही. ‘रासायनिक कीटकनाशक न फवारता, माशांच्या पाण्यावर वाढवलेली’ असं जे खरं आहे तेच लिहा. ते खरं ठेवणं इथे भागच पडतं, कारण फवारा पाण्यात उतरला की मासे जातात. कडुनिंबाचं तेलसुद्धा माशांना घातक आहे.

उत्पन्नावर कर लागतो का?

माशांच्या विक्रीचा नफा शेती उत्पन्न धरला जात नाही, तो व्यवसायाचा. मातीविना भाजीबाबत वाद आहेत, पहिल्याच वर्षी सीएशी बोला आणि दोन्ही विक्रीच्या वह्या वेगळ्या ठेवा.

प्रशिक्षण देणारे तर एकरी लाखोंचा नफा सांगतात.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी व्यावसायिक ॲक्वापोनिक्स करणाऱ्या 257 जणांची पाहणी 2015 मध्ये प्रसिद्ध केली. त्यांपैकी आदल्या वर्षभरात नफा झाला असं सांगणारे एक तृतीयांशापेक्षा कमी होते. मासे-भाजीच्या जोडीला साहित्य आणि सल्लासेवा विकणाऱ्यांत नफा होण्याचं प्रमाण जास्त होतं. म्हणून प्रशिक्षणाला जाल तेव्हा भाजीच्या विक्रीची बिलं बघायला मागा, आणि गेल्या मे महिन्याची आवर्जून मागा.

मग सुरुवात किती मोठी करावी?

10 चौरस मीटर लागवड, दीड-दोन हजार लिटरची टाकी, तीही टाकीत मासे विरळ ठेवून. यातून पैसे सुटणार नाहीत, पण एक पूर्ण वर्ष, म्हणजे एक जानेवारी आणि एक मे, पार पडलेला दिसेल. रोज खाद्य किती घातलं, युनिट किती जळले, किती गड्डे विकले, कोणाला, कोणत्या भावाने आणि पैसे कधी आले, हे लिहून ठेवा. वर्षाअखेरीस दहा-बारा घरं आणि दोन-तीन कॅफे स्वतःहून फोन करून माल मागत असतील, तर त्यांना लागेल तेवढीच लागवड वाढवा.